सरव्याची सहल

डिसेंबरचा दुसरा आठवडा उजाडला की परभणीत थंडी नीट बसते. सकाळी कार्यालयातल्या लोखंडी टेबलाला मनगट टेकवत नाही. माझ्याकडे आमच्या दैनिकाचं बाजारभावाचं पान आहे. मानवत, सेलू, जिंतूर. कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी. दुपारपर्यंत आकडे फोनवर येतात, चौकटीत बसतात, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच कागदात कुणीतरी भजी बांधून घेतं. परवा आकड्यांची वाट पाहत असताना फोन वाजला. गावाकडची शांताकाकू. कापूस वेचणाऱ्या दहा बायकांची टोळी आहे, तिची ही म्होरकी. माझी आईही त्याच टोळीत.

"कापूस काय म्हणायलाय?"

"थोडा घसरलाय, काकू."

"घसरू दे. औंदा कुठं जायचं तेच ठरंना झालंय अजून."

फोन बंद झाला. कापसाच्या भावाचा आणि कुठं जाण्याचा संबंध शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला कळला नाही. त्याला सांगायला बसले, तर गेला हिवाळाच समोर येऊन उभा राहिला.

बातमीच्या मापानं पाहिलं तर त्या हिवाळ्यात काही घडलं नाही. दहा बायका एक दिवस येलदरीला जाऊन आल्या. पानाच्या कोपऱ्यातल्या दोन ओळींचा मजकूर. पण त्या एका दिवसाचं ठरवणं महिनाभर चाललं होतं, आणि त्या महिन्याला ओल्या पऱ्हाटीचा, शेकोटीचा आणि घरात साठवलेल्या कापसाचा वास होता. साठवलेल्या कापसाचा वास कोरडा, थोडा तेलकट असतो. सरकीतलं तेल आतून श्वास घेत असावं तसा.

आमचं गाव मानवतच्या बाजूला. दसऱ्याच्या पुढंमागं वेचणी सुरू होते. तीन वेचण्या झाल्या की मालक शेतावरचा हात काढून घेतो. मग ट्रॅक्टर येऊन पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटेपर्यंत जे चार-सहा दिवस मिळतात, त्यात झाडावर राहिलेला, उशिरा फुटलेला, मातीला टेकलेला कापूस वेचणारणींचा. यालाच सरवा म्हणतात. मालक विचारत नाही, बायका सांगत नाहीत. किती पिढ्या हे चाललंय, कुणाला ठाऊक नाही. सरव्याचा कापूस देखणा नसतो. अर्धा पिवळट, किडका. त्याला कवडी म्हणतात. त्यात पानांचा चुरा आणि बोंडांची टरफलं अडकलेली असतात. आजवर जिची तिची झोळी जिच्या तिच्या घरी जायची. गावात टेम्पो घेऊन येणारा व्यापारी ती एकाच भावानं उचलायचा, आणि त्यात तेलाची पुडी आणि चहा-साखर यायची.

गेल्या वर्षी शेवटच्या वेचणीच्या दिवशी, बांधावर भाकरी खाताना शांताकाकूनं जाहीर केलं, "औंदा सरवा वाटायचा न्हाई. एका जागी करायचा. जेवढे येतील तेवढ्यात सगळ्याजणी हिंडून यायचं. घरचा रुपया लावायचा न्हाई."

"आन कमी पडले तर?" आईनं विचारलं.

"कमी पडले तर जवळ जायचं."

सहलीच्या जाहिराती माझ्या पानाशेजारीच छापल्या जातात. त्यांत आधी डोंगर, समुद्र, हॉटेलची खोली, आणि शेवटी बारीक अक्षरात रक्कम. माणूस जागा निवडतो आणि मग पैशामागं धावतो. शांताकाकूनं हे सगळं उलटं करून टाकलं होतं. पैसा जेवढा असेल तेवढा. जागा त्याच्या मागून येईल. त्या बांधावर भाकरीचा तुकडा हातात धरून ज्या चर्चा झाल्या, तेवढ्या मोकळ्या चर्चा मी कुठल्याही बैठकीत ऐकलेल्या नाहीत. कुणी म्हणालं पोखर्णी. ती सूचना तिथंच फेटाळली गेली. "नरसिंहाला तर आपण नवस फेडायला जातोच की. ती काय सहल झाली?" कुणाला समुद्र बघायचा होता. "समिंदर बघायचा तर समद्या रानाचा कापूस इकावा लागल, मालकासकट," असं उत्तर मिळालं.

अखेर तीन नावं राहिली. सगळ्यात वर वेरूळ, एका मुक्कामासह. मग माहूर. सगळ्यात खाली येलदरीचं धरण, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. बायकांना एसटीत अर्धं तिकीट. त्यामुळं वेरूळ हे स्वप्न असलं तरी खुळं स्वप्न नव्हतं. ही नावं खडूनं एका दाराच्या मागच्या फळीवर लिहिली गेली आणि रोज मला फोन सुरू झाले. प्रश्न भावाचा नसायचाच.

"आज आपण कुठं हाव?"

"माहूरच्या थोडं पुढं."

"काल तर वेरुळाच्या पायरीवर होतो की गं!"

"आज उतरलाय, काकू."

"बघ बरं नीट. तुझंच काहीतरी चुकायलंय."

कापसाच्या आकड्याकडं पाहताना गाव दिसू शकतं, डोंगर दिसू शकतो, हे मला त्या आठवड्यात कळलं. पानावर तोच आकडा छापताना मी मनात त्याच्यापुढं ठिकाण लिहायचे.

नियम एकच होता. सरवा वेचेल तीच सहलीला. मला न्यायचं की नाही यावर आईनं टोळीसमोर सांगितलं, "माझी लेक म्हणून फुकट न्हाई. दोन सकाळी येचू लागंल, मग बघू." मी रजा टाकली. पहाटेचं दव अजून अंगावर असलेल्या पऱ्हाटीत शिरलं की साडी गुडघ्यापर्यंत भिजते. वाळलेल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला रुततात. पहिल्या तासात बोटं बधिर झाली. दुसऱ्या तासात ऊन आलं आणि रानभर वाफ उठली. पलीकडच्या ज्वारीत पाखरं हाकलणाऱ्या माणसाचा आवाज, आणि बायकांचं न थांबणारं बोलणं. कोण खिडकीत बसणार, कुणाला गाडी लागते, कुणाच्या नवऱ्याला त्या दिवशी स्वतःची भाकर थापावी लागणार. "थापू दे की," शांताकाकू म्हणाली, "नकाशा काढील एखादा. कुठल्या देशाचा निघतोय बघू."

त्या रानात नऊच जणी होत्या. दहावी, गिरजाआक्का, घरी होती.

आक्का टोळीत सगळ्यांत मोठी. दिवाळीनंतर तिचा गुडघा सुजला आणि आखडला. चालता यायचं, दारापर्यंत, फार तर पारापर्यंत. वाकून वेचणं शक्यच नव्हतं. तिचा मुलगा रानातल्या नव्या घरात राहायला गेलेला. गावातल्या घराची पुढची खोली रिकामी आणि कोरडी, म्हणून सरव्याचा कापूस तिथंच साठवायचा ठरला. खडूनं नावं लिहिली ती त्याच खोलीच्या दारामागं. पण सहलीचा विषय निघाला की आक्का एकच वाक्य बोलायची. "मी न्हाई येणार. मी येचलेलं न्हाई."

कुणी आग्रह केला की ती जास्तच ताठ व्हायची. पन्नास वर्षं वेचणी केलेल्या बाईला दुसऱ्यांच्या झोळीतली सहल नको होती. तिचं चुकत होतं असं म्हणवत नाही. नियम तिच्याच तोंडचा वाटावा इतका तो तिच्या स्वभावाचा होता.

वाट काढली ती आधार कार्डानं. गावात कार्ड काढायला माणसं आली तेव्हा ज्यांना जन्मतारीख माहीत नव्हती, त्यांच्या नावापुढं त्यांनी एक जानेवारी टाकली. टोळीतल्या दहापैकी सात जणी त्यामुळं एकाच दिवशी जन्मल्या आहेत. आक्काचं म्हणणं, रझाकार गेले त्या साली ती रांगत होती. कार्ड तिला त्याहून लहान धरतं. पण त्या कार्डाप्रमाणंही येत्या एक जानेवारीला तिला पंच्याहत्तर पूर्ण होत होती. आणि पंच्याहत्तर पूर्ण झालेल्यांना एसटीत तिकीटच लागत नाही.

शांताकाकू कार्ड नाचवतच आली. "आक्का, एक तारीख होऊ दे. दोन तारखेला निघू. तुला तिकीटच न्हाई, मग आमचा रुपया कुठं लागायलाय तुला?"

"आन जेवण? ते बी सरकार देतंय का?"

"भाकर तू तुझी बांधून आन. पाणी नळाचं पी. श्वास घेशील तेवढाच आमच्यातला, तो बी मोजून घे."

आक्का हसली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. "बघू," म्हणाली. म्हणजे सगळ्यांनी तीन आठवडे थांबायचं. कापूस विकायचीही कुणी घाई केली नाही. खोलीत कोरडा होता, भाव चढलाच तर वेरूळ होतंच. भाव चढला नाही. रोज थोडा थोडा उतरला. मी फोनवर सांगायचे, आणि पलीकडून एक हुंकार यायचा. पण "तिला सोडून जाऊ" असं नऊ जणींपैकी एकीच्याही तोंडून एकदाही निघालं नाही. ही नोंद मला त्या हिवाळ्यातली सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि ती कुठल्याच चौकटीत बसत नाही.

नाताळच्या सुट्टीत मी गावी गेले तेव्हा आई आणि शांताकाकूबरोबर आक्काच्या घरी जाणं झालं. दार लोटलं तर खोलीत एकाऐवजी दोन ढीग. एक पांढराशुभ्र, पहिल्या वेचणीचा वाटावा असा. दुसरा पिवळट कवडीचा. आणि भिंतीशी एक गोणी, तोंडापर्यंत काडीकचऱ्यानं भरलेली. आक्का गुडघा लांब करून मधे बसली होती. मांडीवर कापूस, बोटं चालू. गेले पंधरा दिवस ती सकाळपासून अंधार पडेपर्यंत एकेक पाकळी सोडवून पानाचा चुरा वेचत होती.

"हे काय करायलीस गं आक्का?" आई म्हणाली.

"निवडायलाव."

शांताकाकूनं गोणी उचलून पाहिली. तिचा चेहरा उतरला. "अगं बाई, वजन काढून टाकलंस की समदं! टेम्पोवाला काट्यावर घेतो. त्याला काय, पानं असली काय, कापूस असला काय! कामून गं असं केलंस?"

आक्काची बोटं थांबली. तिनं मांडीवरचा कापूस खाली ठेवला, बोटांना चिकटलेला धागा हळूहळू काढला. "माझ्या वाटचं गेलं समजा," ती म्हणाली. "मी न्हाई येत. तुमी जाऊन या."

टेम्पोवाला दुसऱ्या दिवशी आला. त्यानं दोन्ही ढिगांकडं पाहिलं आणि खांदे उडवले. सरवा तो सरवा, एकच भाव. माझ्या डोळ्यांपुढं माझ्या पानावरचे आकडे आले. त्यांत एक किमान भाव असतो आणि एक कमाल, रोज छापते, आणि त्या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजे काय, हे मला त्या खोलीत पहिल्यांदा समोर दिसलं होतं. पांढरा ढीग आणि पिवळा ढीग. मी म्हटलं, "मानवतला नेऊ. तिथं बघून घेतात."

गावातली एक रिकामी पिकअप मानवतला निघाली होती, तिच्यात चार गोण्या टाकल्या. बाजारात खरेदीदारानं पहिल्या गोणीत कोपरापर्यंत हात घातला, तळाचा मूठभर कापूस काढला, दोन्ही अंगठ्यांत धरून धागा ओढला. मग दुसऱ्या गोणीतून. मग तिसऱ्या. त्यानं मान वर करून विचारलं, "सरवा म्हणता? कुणी निवडला हो?"

"हाय एक," शांताकाकू म्हणाली. "घरी बसलीया. आमाला बोलंना."

पांढऱ्याला एक भाव मिळाला, कवडीला दुसरा. बेरीज टेम्पोवाल्यानं कचऱ्यासकट वजनाला दिली असती त्याहून चांगलीच जास्त भरली. तरी महिनाभरात बाजार इतका खाली आला होता की वेरूळ गेलं, माहूरही थोडक्यात हुकलं. मात्र येलदरीला उदार हातानं जाता येईल एवढे पैसे हातात होते. परतल्यावर शांताकाकू तडक आक्काच्या खोलीत गेली, दारामागची वरची दोन नावं तिनं पदरानं पुसली आणि म्हणाली, "येलदरी ठरलं. आन ऐक, यातला निम्मा भाव तुझ्या बोटांचा हाय. आता चालत येतीस का उचलून न्यावं?"

"उचलायला तुझ्यात जोर हाय व्हय?"

"दहाजणी हाव की."

"मी धरून दहा," आक्का म्हणाली. मग आपणच काय बोललो हे कळून तोंडाला पदर लावला.

दोन जानेवारीला पहाटे धुकं इतकं होतं की फाट्यावरचं झाड दिसत नव्हतं. आक्का सगळ्यांच्या आधी तिथं पोचलेली होती. नवं लुगडं, कानाला मफलर, हातात काठी आणि प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्ड. परभणीत गाडी बदलून जिंतूरच्या गाडीत बसलो. वाहकानं कार्ड पाहिलं, तिच्याकडं पाहिलं.

"आजी, कालच पंच्याहत्तर झाली की. वाटत न्हाई."

"मला बी न्हाई वाटत. कार्डाला इचारा."

अख्खी गाडी हसली. वाहकानं तिकीट फाडून तिच्या हातात दिलं. त्यावर रकमेच्या जागी शून्य होतं. आक्काला अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. तिनं त्या शून्याकडं बराच वेळ पाहिलं, आणि तिकीट पिशवीत ठेवून दिलं. जिंतूरपर्यंत बाहेरची शेतं बघत बसली. बाकीच्या गात होत्या, खिडकीवरून भांडत होत्या, एकीला गाडी लागली आणि तिच्यासाठी लिंबू फिरवलं गेलं. आक्का त्या शून्यापाशी थांबलेली आहे, हे आईच्या लक्षात आलं होतं. तिनं मला कोपरानं खुणावलं.

येलदरीला धरणात पाणी चांगलं होतं. भिंतीवर जायला परवानगी नाही, असं पहारेकऱ्यानं सांगितलं, तेव्हा बायकांनी त्याच्याशी दुसराच विषय काढला. इथं वीज तयार होते हे त्यांना ऐकून माहीत होतं. "मग आमच्या रानात रातचीच लाईट कोण सोडतंय? तुमीच का?" तो बिचारा सांगायला लागला की ते त्याच्या हातात नाही. "न्हाई तर न्हाई, पर आत निरोप द्या," शांताकाकू म्हणाली. "म्हणावं, दिवसा सोडत जा. दहाजणी सांगून गेल्या."

पाण्याच्या कडेला एका झाडाखाली बसलो. पाण्यावर ऊन पसरलेलं, लांब एक होडी, जाळं ओढणारा एकटा माणूस. वारा आला की पाण्याची कातडी थरथरायची. पूर्णा नदीचं इतकं पाणी एका जागी थांबलेलं यांतल्या कुणीच पाहिलेलं नव्हतं. बराच वेळ कुणी बोललं नाही, आणि या टोळीच्या बाबतीत ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. मग धपाटी निघाली, ठेचा निघाला, दह्याचा डबा निघाला. जवळच्या टपरीवर तळलेले मासे मिळत होते. सरव्याच्या पैशातून भरपूर घेतले. माळकरी होत्या त्या चौघी पाठ करून बसल्या आणि मधूनमधून विचारत राहिल्या, "कसं लागतंय गं?" आक्का तिची तिची भाकर खात होती. ती तिनं खरंच वेगळी बांधून आणली होती.

जेवण झाल्यावर ती आईकडं वळली. पैसे आईच्या कमरेच्या पिशवीत होते.

"सुमन, दहाजणींच्या तिकिटाचे पैसे धरले होतेस न्हवं?"

"धरले होते की."

"मग माझे लागले न्हाईत. येतानाचे बी न्हाईत लागले, जातानाचे बी न्हाईत लागायचे. ते दे इकडं."

आईनं पैसे मोजून तिच्या तळहातावर ठेवले. आक्का काठी टेकत उठली. टपरी वीस-पंचवीस पावलांवर होती. तिथून तिचा आवाज ऐकू आला, "अकरा चहा. चांगला कर. पाव्हणे हायेत माझ्याकडं."

चहा तयार झाल्यावर टपरीवाला ट्रे घेऊन निघाला, तर तिनं त्याला थांबवलं. काठी टपरीला टेकवून ठेवली. एका वेळी दोन ग्लास दोन हातांत धरून ती चालत यायची, एकीच्या हातात देऊन, दुसरीच्या हातात देऊन पुन्हा मागं जायची. गुडघा वाकत नव्हता. पाय बाहेरून फिरवून टाकावा लागत होता. शांताकाकू अर्धवट उठली, तशी आईनं तिचा पदर धरून तिला खाली बसवलं. कुणीही मदतीला गेलं नाही. सहा खेपा झाल्या. ग्लास मिळाला तरी कुणी घोट घेतला नव्हता. शेवटचा ग्लास स्वतःसाठी घेऊन आक्का आमच्यात येऊन बसली, पाय लांब केला, आणि सगळ्यांच्या तोंडाकडं पाहून घरी आलेल्या पाहुण्यांना विचारावं तसं विचारलं, "साखर बराबर हाय का गं?"

"एकदम बराबर हाय, आक्का," पहिल्या घोटासरशी दहा आवाज एकदम आले.

चहात साखर टाकायलाच टपरीवाला विसरला होता.